सात फुटांचे चार सर्फबोर्ड आणि त्यांच्या चार चाली

सॅन डिएगोच्या माझ्या घरात, गॅरेजच्या भिंतीला चार सर्फबोर्ड टेकून उभे असतात: एग, हल, ट्विन आणि दोन अधिक एक. चारही सात फुटांचे. रुंदी साडेवीस ते एकवीस इंच, जाडी अडीच इंचांच्या आसपास, व्हॉल्यूम म्हणजे घनफळ ३८ ते ४० लिटर. कागदावर पाहिलंत तर सख्खी भावंडं. पण एकाच सकाळी, एकाच लाटेवर, एकामागून एक चालवले की लक्षात येतं, यांचं आपसात काही जुळत नाही. एकाला पुढच्या पायाचा भार हवा असतो, दुसऱ्याला मागच्या. एकाला टाच दाबलेली सहन होत नाही. एक कसाही उभा राहा, निभावून नेतो.

मालवणला घरी गेले, किंवा गोव्यात अश्वेला पाण्यातून बाहेर आले, की नवी सर्फ शिकलेली मुलं हमखास विचारतात, "ताई, मिड-लेंग्थ घ्यायचाय, किती फुटी घेऊ?" फुटांचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा विचारायचा, की या बोर्डाचं वळण कुठून सुरू होतं? पुढच्या गुडघ्याखालून, दोन पायांच्या मधून, की मागच्या टाचेखालून? याचं उत्तर कळलं की तो बोर्ड कोणत्या लाटेचा, कोणत्या माणसाचा, हे आपोआप उलगडतं. ते उत्तर आधी जमिनीवर आणि मग पाण्यात कसं शोधायचं, ते मी करते त्या क्रमाने सांगते.

मिड-लेंग्थ म्हणजे ढोबळमानाने साडेसहा ते आठ फुटांचा बोर्ड. त्याहून लांब गेलात की लाँगबोर्डचा प्रांत, आखूड झालात की शॉर्टबोर्डचा. या मधल्या पट्ट्यात इतके वेगवेगळे आकार का सापडतात, त्याला इतिहास आहे. १९६६ साली सॅन डिएगोत जागतिक स्पर्धा झाली, ती ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने नऊ फूट चार इंची बोर्डावर जिंकली. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत बोर्ड झपाट्याने आखूड होत गेले. जॉर्ज ग्रीनोचे लवचीक फिन, म्हणजे तळाशी मागे बसवलेले पंख, आणि गुडघ्यांवर बसून चालवायचे चमच्यासारखे नी-बोर्ड, बॉब मॅकटॅव्हिशचे व्ही आकाराच्या तळाचे बोर्ड, कॅलिफोर्नियातल्या मालिबूकडे ग्रेग लिडलचे हल, सॅन डिएगोत स्किप फ्रायचे एग, तिथेच स्टीव्ह लिसचा माशासारख्या दुभंगलेल्या शेपटीचा फिश. बोर्ड घडवणाऱ्या या प्रत्येकाने 'आखूड बोर्ड कसा चालावा' या एकाच प्रश्नाला आपलं वेगळं उत्तर दिलं. पुढे १९८१ मध्ये सायमन अँडरसनने तीन फिनांचा थ्रस्टर आणला आणि जग तिकडे वळलं. मधली लांबी कित्येक वर्षं कोपऱ्यात पडून राहिली. आज ती परत आली आहे, आणि ती सगळी जुनी उत्तरं एकाच नावाखाली विकली जात आहेत. नवशिक्याचा गोंधळ होतो तो इथेच.

आधी स्वतःचे आकडे

वजन किलोत घ्या. नीट उभं राहता येतं, हिरवी म्हणजे न फुटलेली लाट स्वतः पकडता येते, अशा माणसाला मिड-लेंग्थमध्ये किलोमागे ०.६ लिटरच्या जवळपास व्हॉल्यूम पुरतं. ७० किलोला ४२ लिटर. माझं वजन ६० किलो, म्हणजे हिशेबाने ३६ लिटर. मी ३९ घेते, कारण आठवड्यातून दोनदाच पाण्यात जाते आणि खांदे पंचविशीचे राहिलेले नाहीत. रोज पोहणाऱ्याने थोडं कमी, महिन्यातून एकदा जाणाऱ्याने थोडं जास्त घ्यावं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. व्हॉल्यूम बोर्डात किती आहे याहून ते कुठे आहे हे महत्त्वाचं. छातीखाली जाड आणि कडांना पातळ असलेला ४० लिटरचा बोर्ड, आणि कडेपर्यंत एकसारखा फुगीर ४० लिटरचा बोर्ड, यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून लिटर फक्त गाळणी म्हणून वापरा. तुलना करायचे बोर्ड एकमेकांपासून दोन-तीन लिटरच्या आत असले, की पुढचं सगळं आकारावर येतं.

जमिनीवर वाचन

बोर्ड सावलीत, टॉवेलवर उलटा ठेवा, तळ वर. तुमच्याकडे मोजपट्टी, फूटभर स्टीलची पट्टी आणि मोबाइलची बॅटरी हवी.

पहिलं काम, सर्वांत रुंद जागा शोधा. मोजपट्टी आडवी धरून नोज म्हणजे पुढच्या टोकापासून टेल म्हणजे मागच्या टोकाकडे सरकवत या. रुंदी जिथे जास्तीत जास्त भरते तिथे खडूची खूण करा. मग बोर्डाच्या लांबीचा बरोबर मध्य काढा. खूण मध्याच्या पुढे, नोजकडे असेल, तर हा बोर्ड पुढे उभं राहून चालवायचा. मध्यावर किंवा मागे असेल, तर मागच्या पायाला काम आहे. ही एक खूण अर्धी गोष्ट सांगते.

दुसरं काम, स्टीलची पट्टी तळावर आडवी, उभ्या कडेवर ठेवा आणि पलीकडून बॅटरी मारा. पट्टी दोन्ही बाजूंना झुलत असेल, मधेच टेकून कडांखालून उजेड येत असेल, तर तळाला पोट आहे. उजेड मधून येत असेल आणि पट्टी कडांवर टेकली असेल, तर तिथे खोलवा आहे, ज्याला कॉन्केव्ह म्हणतात. कुठूनच उजेड नाही, तर सपाट. पट्टी नोजपासून टेलपर्यंत हातहात अंतराने सरकवत न्या, कारण एकाच बोर्डात पुढे पोट, मधे सपाट आणि मागे व्ही, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्ही कडांकडे उतार, असं सर्रास असतं.

तिसरं काम, कड म्हणजे रेल. अंगठा वर, चार बोटं खाली, अशी कड चिमटीत धरा आणि डोळे मिटून नोजपासून टेलपर्यंत हात फिरवा. पुढे ती गोल, मऊ लागेल. मागे येता येता तळाच्या बाजूला एक धार हाताला लागायला लागते. ती धार कुठून सुरू होते ते बघा. काही बोर्डांत मधल्या भागापासूनच, काहींत फिनच्या जरा पुढे, तर काहींत जवळजवळ नाहीच.

या धारेचं महत्त्व स्वयंपाकघरात कळतं. नळाची बारीक धार सोडा. चमच्याचा दांडा दोन बोटांत सैल धरा आणि त्याची फुगीर पाठ धारेला हळूच लावा. पाणी पाठीला चिकटून वळतं आणि चमचा धारेत ओढला जातो. आता उलथनं घेऊन त्याची कड धारेला लावा. पाणी कडेवरून सुटून जातं, ओढ जाणवत नाही. गोल कडेचा, पोटाचा बोर्ड लाटेच्या अंगात असाच ओढला जातो आणि तिथे रुतून बसतो. धारदार कड पाण्याला सोडून देते, बोर्ड मोकळा होतो. धरणं आणि सोडणं, चारही बोर्डांचा सगळा भेद या दोन क्रियांच्या प्रमाणात आहे.

चौथं, रॉकर, म्हणजे नोज ते टेल तळाची उभी वक्रता. लांब सरळ पट्टी तळाच्या मध्यावर टेकवून दोन्ही टोकांना किती फट राहते ते मोजा. फट जितकी कमी तितका बोर्ड सपाट लाटेवर वेगाने धावतो आणि उभ्या लाटेवर नोज खुपसतो. टेलकडची फट जास्त असेल, तर मागच्या पायाने बोर्ड चटकन फिरतो.

एग: दोन पायांच्या मधून

नावाप्रमाणे अंड्यासारखा. नोज गोल आणि भरलेला, टेल गोल, रुंद जागा मध्याच्या जवळपास, कडा मऊ, तळ बहुतेक सपाट आणि मागे हलकासा व्ही. फिन एक, किंवा मधे मोठा आणि बाजूला दोन छोटे.

यावर हात मारायला सुरुवात केली की पहिल्या दहा हातांतच कळतं, बोर्डाला घाई नाही आणि आळसही नाही. लाट उचलायला लागली की तो स्वतःच उतरतो. उभं राहिल्यावर पाय चुकून चार इंच पुढे किंवा मागे पडले तरी रागावत नाही. वळण बेंबीच्या खालून येतं. दोन्ही गुडघे वाकवून, खांदा जिकडे वळवाल तिकडे अख्खा बोर्ड एका गोल रेषेत येतो. टेलला लाथ मारल्यासारखं वळवायला गेलात, तर तो मधेच थबकतो.

कमरेएवढ्या, ढिल्या लाटेवर याला तोड नाही. डोक्याएवढ्या, उभ्या लाटेवर मात्र नोजचा भरलेला भाग अडचणीचा होतो. वारा असेल तर नोजखाली हवा शिरून ते हलायला लागतं. सॅन डिएगोतल्या टूरमलीन किनाऱ्याच्या मऊ लाटांवर मी दहापैकी सात दिवस एगच नेते.

हल: पुढच्या गुडघ्याखालून

याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत आणि याने मला सर्वांत जास्त शिकवलं.

पूर्ण नाव डिस्प्लेसमेंट हल. पुढच्या अर्ध्या भागाला ठळक पोट, कडा सुरीसारख्या पातळ, रुंद जागा मध्याच्या पुढे, रॉकर कमी, आणि एकच उंच, लवचीक फिन. सुट्टीत मी हा बोर्ड घेऊन गोव्याला आले होते, वाटेत मालवणला थांबले. आमच्या शेजारच्या काकांनी उभा जन्म मासेमारीत काढला. त्यांनी बोर्ड उलटा करून तळावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्येका सुकाणू खंय आसा?" मी फिन दाखवला. त्यांनी मान हलवली आणि बोट पुढे, पोटाच्या कडेवर ठेवलं. लाकडी होडी वळते ती नुसत्या सुकाणूवर वळत नाही, अंग कलंडून तिच्या कुशीवर वळते, असं त्यांचं म्हणणं. हल कसा चालवायचा हे मला याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

होडी पाणी बाजूला सारत जाते, स्पीड बोट पाण्यावर चढून घसरते. बाकीचे तीन बोर्ड कमी-अधिक स्पीड बोटीच्या बाजूचे. हल होडीच्या बाजूचा. त्यामुळे लाटेवरून उतरताना तो पायाखाली डुगडुगतो. पहिल्या दिवशी असं वाटतं की कशावरच टेकलेलो नाही. तेव्हा माणूस सवयीने भार मागच्या पायावर टाकतो, आणि तिथेच बिनसतं. टेल बुडते, वेग मरतो, लाट निघून जाते. मी पहिल्या महिन्यात बहुतेक लाटा अशाच घालवल्या.

जमायचा क्रम असा. उभं राहताना पाय एगवर ठेवता त्याच्या चार बोटं पुढे टाका. खाली उतरून मोठं वळण घेण्याच्या भानगडीत न पडता, पहिल्यापासून लाटेच्या दिशेने तिरकं निघा. मग पुढचा गुडघा लाटेकडे, आत दाबा. पाऊल दाबायचं नाही, गुडघा दाबायचा. पातळ कड पाण्यात शिरते, पोटाला पाणी चिकटतं, आणि बोर्ड लाटेच्या वरच्या एक-तृतीयांश भागात जाऊन बसतो. आता काही करू नका. एक, दोन, तीन मोजा. तिसऱ्या आकड्याला एक ओढ लागते. लाटच आपल्याला पुढे खेचून नेत असल्यासारखी. पायाखालची डुगडुग थांबते, फिनचा बारीक गुंजारव ऐकू येतो. ही ओढ एकदा लागली की सर्फिंगकडे बघण्याची नजरच बदलते.

परत वळायचं असेल तर भार पुढेच ठेवून दुसऱ्या कडेवर कलंडायचं. वळण लांबलचक होतं, त्याला जागा लागते. म्हणूनच हल मालिबूच्या फर्स्ट पॉइंटसारख्या लांब, एका रेषेत उलगडत जाणाऱ्या लाटेचा बोर्ड आहे. बारीक, तुकड्यातुकड्यांत फुटणाऱ्या किनाऱ्यावर त्याला चालायला वाटच मिळत नाही. गोव्यातल्या त्या आठवड्यात तो माझ्याकडून एकदाच नीट चालला, भरती अर्धी असताना, एका वाळूच्या दांड्यावरून निघालेल्या लांब लाटेवर.

ट्विन: मागच्या पायाच्या हातभर पुढून

दोन फिन, दोन्ही कडांजवळ, मधे काही नाही. टेल पक्ष्याच्या शेपटीसारखी दुभंगलेली असते किंवा निमुळती. तळाला खोलवा, आणि अनेक बोर्डांत मागच्या बाजूला लांब पन्हाळीसारख्या खाचा असतात, त्यांना चॅनल म्हणतात. ऑस्ट्रेलियाचा सर्फर टॉरेन मार्टिन याने सायमन जोन्सने घडवलेल्या अशा लांब ट्विनवर जगभरच्या मोठ्या लाटा चालवून दाखवल्या, तेव्हापासून याची मागणी वाढली.

मधला फिन नसल्याने पाण्याचा अडथळा कमी. त्यामुळे उभं राहिल्या क्षणी वेग मिळतो, वळवून वळवून कमवावा लागत नाही. हा वेग सुरुवातीला फसवतो. लाटेच्या पुढे धावत जाऊन आपण सपाट पाण्यात पोचतो आणि तिथे थांबतो. उपाय एकच, लवकर परत वळायचं, वेग अंगात असतानाच.

वळण दोन फिनांच्या जरा पुढून सुरू होतं. पुढचा पाय दिशा देतो, मागचा पाय आतल्या फिनवर हळूहळू भार वाढवत नेतो. स्प्रिंग दाबल्यासारखा. मग गुडघे सोडले की बोर्ड उसळून बाहेर पडतो. भार एकदम टाकलात तर टेल घसरते. निमुळत्या टेलचा ट्विन उभ्या लाटेत जास्त धरतो, रुंद दुभंगलेल्या टेलचा सपाट लाटेत जास्त धावतो. सात फुटी फिशला हेच लागू आहे, फक्त त्याचे फिन लांब बुडाचे, कीलसारखे म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्यासारखे असतात. त्यामुळे तो एका रेषेत खूप छान पळतो आणि वळायला जरा सावकाश.

दोन अधिक एक: मागच्या टाचेखालून

यात नोज एगपेक्षा निमुळतं, टेल आत ओढलेली, टेलकडे रॉकर जास्त, मागे कडेला स्पष्ट धार. मधे सहा-सात इंची फिन, बाजूला साडेतीन-चार इंची दोन. चॅनल आयलंड्स या कंपनीने सर्फर डेव्हॉन हॉवर्डसोबत केलेला मिड हा या घराण्यातला सर्वांत ओळखीचा चेहरा.

शॉर्टबोर्डवरून येणाऱ्याला हा लगेच समजतो. मागचा पाय फिनांवर ठेवा, टाच दाबा, टेलवर फिरतो. छाती ते डोक्याएवढी, आकार असलेली लाट असेल तर चौघांत हाच सर्वांत भरवशाचा. ढिल्या लाटेवर मात्र याची टेल पाण्यात बसते आणि एग शेजारून निघून जातो. माझ्या मते नवशिक्याला दुकानात सर्वांत जास्त हाच गळ्यात मारला जातो, आणि कमरेएवढ्या लाटेसाठी तो योग्य नाही.

कॅम्पबेल बंधूंचा बॉन्झर हा आणखी एक वेगळा प्रकार, तीन किंवा पाच फिन आणि मागे खोल खोलवे. मी तो दोनदाच चालवला आहे, म्हणून या तुलनेत घेत नाही.

पाण्यातली चाचणी

आज एक बोर्ड, पुढच्या आठवड्यात दुसरा, अशी तुलना करू नका. समुद्र दर दिवशी बदलतो. एकच सकाळ, एकच जागा, भरतीचे तेच दोन तास. लाट कमरेपासून छातीपर्यंत. वारा नसलेला किंवा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारा. दोनच बोर्ड न्या. तीन नेले की तिसऱ्यापर्यंत हात थकलेले असतात आणि दोष बोर्डाला जातो. दोन्हीला वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून लावायचं मेण, सारखं लावा. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, सात फुटांची.

प्रत्येक बोर्डावर सहा लाटा. पहिल्या दोन हिशेबात धरायच्या नाहीत, त्या ओळख करून घेण्यासाठी. उरलेल्या चारांवर हेच करायचं:

लाट पकडायला किती हात मारावे लागले ते मोजा. बोर्डाने स्वतः उतरायला सुरुवात केली, तो क्षण लक्षात ठेवा. तेव्हा लाट किती उभी झाली होती? लवकर उतरला की उशिरा?

उभं राहिल्यावर तीन सेकंद काहीच करू नका, लाटेच्या अंगावरून आडवं जाऊ द्या. बोर्ड वर चढतो, खाली घसरतो की तिथेच राहतो? यालाच ट्रिम म्हणतात, आणि मिड-लेंग्थचा खरा स्वभाव इथे दिसतो. आपल्याकडची मुलं उभी राहिली की लगेच अंग हलवायला लागतात आणि हा भाग त्यांच्या अनुभवातूनच निसटतो.

मग एक वळण, फक्त पुढचा गुडघा दाबून. पुढच्या लाटेवर तेच वळण, फक्त मागची टाच दाबून. कुठल्या लाटेवर बोर्डाचा वेग वाढला आणि कुठल्यावर मेला? या एका प्रश्नासाठी बाकीचा सगळा खटाटोप आहे.

शेवटी लाट संपताना, सपाट झालेल्या पाण्यात बोर्ड किती पुढे जातो ते बघा. गोव्यातल्या, किंवा कर्नाटकातल्या कारवारच्या, मुलकीच्या छोट्या लाटांवर हा गुण फार कामाचा, कारण तिथे लाट मधेच मंदावते आणि किनाऱ्याजवळ परत उभी राहते. मधला तो सपाट पट्टा ज्याला पार करता आला, त्याची लाट दुप्पट लांब होते.

सहा लाटा झाल्या की किनाऱ्यावर या आणि लगेच मोबाइलवर बोलून नोंद करा. चहा प्यायल्यावर नाही, लगेच. मग दुसरा बोर्ड, सहा लाटा, नोंद. आणि मग पुन्हा पहिला बोर्ड, दोनच लाटा. हे शेवटचं बरेच जण टाळतात. दुसऱ्या बोर्डाच्या वेळी तुम्ही थकलेले असता पण लाट ओळखायला शिकलेले असता. दोन्ही गोष्टी निकाल फिरवतात. पहिल्यावर परतलं की खरं काय ते कळतं. माझा ट्विन मला एगहून जड वाटला होता. परत एगवर गेले तेव्हा तोही जडच लागला. जड झाले होते ते खांदे.

फिन बदलून बघितल्याशिवाय बोर्ड विकू नका

मधल्या फिनची पेटी, म्हणजे फिन बसवायची खाच, लांब असते, त्यात फिन पुढेमागे सरकतो. पुढे सरकवला की बोर्ड सैल, मागे सरकवला की ताठ आणि धरून चालणारा. एका वेळी अर्धा इंच, त्याहून जास्त नाही, आणि पेटीवर पेन्सिलने खूण. अर्ध्या इंचाने काय होणार असं वाटतं. माझ्या हलचा फिन मी एक इंच पुढे आणला, तेव्हा कुठे तो वळायला लागला.

एकच फिन वापरत असाल तर जुना ठोकताळा चांगला आहे, बोर्ड जितक्या फुटांचा तितक्या इंचांचा फिन. सात फुटीला सात इंची. हलला त्याहून उंच आणि लवचीक चालतो. दोन अधिक एकच्या बोर्डातले बाजूचे दोन काढून मधे मोठा बसवला, तर तो एगच्या जवळ जातो. तेवढ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या कामात दुसऱ्या बोर्डाची चव मिळते, पैसे न घालता.

आपल्या किनाऱ्यासाठी निवड

कोकण आणि गोव्यात ऑक्टोबर ते मार्च लाट छोटी, गुडघा ते कमर, दोन लाटांमधलं अंतर कमी. एप्रिल-मे मध्ये दक्षिण हिंदी महासागरातून लांब पल्ल्याची स्वेल, म्हणजे दूरवरून चालत आलेल्या लाटा, येते, तेव्हा तेच किनारे छातीएवढे होतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज आणि उधाणाचे इशारे देते. त्यात नुसती उंची बघू नका, सेकंदांचा आकडा, म्हणजे दोन लाटांमधला वेळ, तोही बघा. सात-आठ सेकंद म्हणजे वाऱ्याची ढिली लाट, एग काढा. चौदा-पंधरा सेकंद म्हणजे लांबून आलेली, ताकदीची लाट, तेव्हा ट्विन किंवा दोन अधिक एक. पावसाळ्यात लाल झेंडा असताना यातला कुठलाच बोर्ड काढायचा नाही. आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तिथे कधीही उतरू नका. जाळ्यात अडकलेली लीश पाण्याखालून सहज सोडवता येत नाही, आणि ती जागा मच्छीमारांची आहे.

पूर्व किनाऱ्यावर चेन्नईजवळच्या कोवलाँगची उजवीकडे उलगडणारी पॉइंट लाट, म्हणजे एका टोकापासून एकाच दिशेने फुटत जाणारी लाट, वेगळी. हल किंवा लांब ट्विन भारतात चालवून बघायचाच असेल, तर मी तिकडे जाईन.

बोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवू नका. सिंधुदुर्गातल्या मेच्या दुपारी माझ्या एगला डेकवर, म्हणजे वरच्या बाजूला, तळहाताएवढा फुगा आला, आतल्या फोमवरून काच-कापड सुटलं. दुरुस्त झाला, पण तिथे पाय ठेवला की अजून मऊ लागतो. प्रवासात पांढरी चादर ओली करून वर टाका, थांबाल तिथे सावली शोधा.

एकच बोर्ड परवडणार असेल, आणि पाणी गोव्याचं किंवा कोकणाचं असेल, तर ६५ ते ७० किलोच्या माणसाने सात फूट दोन इंची एग घ्यावा, ४३-४४ लिटरचा, मागे हलका व्ही असलेला, आणि मधल्या लांब पेटीबरोबर बाजूला दोन पेट्या असलेला. नुसत्या सात इंची फिनवर पहिले दोन महिने चालवा. पुढच्या गुडघ्याने वळायला जमलं की बाजूचे दोन लावा, मधला सहाचा करा आणि अर्धा इंच पुढे घ्या.